शकुनाचा पैसा राहिला

“माझा शब्द मोडू नका रे! माझा शब्द मोडू नका!”

फेस्टी कॉनरॉयचा हा आवाज क्लिफडनच्या घोडेबाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा. दोन माणसं किमतीवर अडून बसली, एकाने समुद्राकडे तोंड फिरवलं नि दुसऱ्याने डोंगराकडे, की फेस्टी दोघांच्या मधे शिरायचा. एकाचं मनगट पकडायचा, दुसऱ्याचं ओढायचा, दोघांच्या आकड्यांच्या मधला आकडा छातीठोक ओरडायचा आणि वर म्हणायचा, माझा शब्द मोडू नका. मग थुंकीने ओले केलेले दोन तळहात एकमेकांवर आदळायचे. फट्ट! तेवढ्या आवाजात घोड्याचा मालक बदलायचा. फेस्टीची पोर ट्रीसा तेव्हा बापाच्या कोटाचं टोक मुठीत धरून उभी असायची. पावसाने भिजलेल्या लोकरीचा वास, घोड्यांच्या नाकातून निघणारी वाफ, आणि या सगळ्यावर तरंगणारा तो आवाज.

फेस्टी जाऊनही बरीच वर्षं झाली. आवाज मात्र ट्रीसाच्या गळ्याखाली कुठेतरी घरटं करून राहिला होता. एप्रिलमधल्या एका शनिवारी, डीलिया फाहीच्या कुरणात, तो तिला न विचारता तिच्याच तोंडातून बाहेर पडला.

झालं ते असं.

ट्रीसा शाळेची बस चालवायची. नवरा कोलमन शेवंडांच्या बोटीवर. दोघांना मिळून एकच लेक, मूरिन, अकरा वर्षांची. मूरिन रांगत होती तेव्हा घोड्यांच्या पायांमधून रांगली, आणि उभी राहिली ती शेपटीला धरून. तिचं लहानपणीचं तपकिरी तट्टू आता तिला पुरत नव्हतं. बसली की पाय गवताला लागायचे. त्याला मावसबहिणीकडे धाकट्यांसाठी पाठवून दिलं होतं.

“हात हलके आहेत हो पोरीचे,” शिकवणाऱ्या बाई ट्रीसाला म्हणाल्या होत्या. “लगाम असा धरते, जसं मुठीत पाखरू धरलंय. पण तिला प्रदर्शनाच्या रिंगणात दाखवायचं तर तट्टूही रिंगणातलंच लागतं. मानेला बाक असलेलं, पाय उचलून टाकणारं. विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, घर विकावं लागेल. मोसमापुरतं भाड्याने मिळतंय का बघा.”

त्या दिवसापासून ट्रीसाच्या मनात ते रिंगण भरून राहिलं. बापाने आयुष्यभर दुसऱ्यांचे घोडे दुसऱ्यांना मिळवून दिले. ती कुंपणाच्या दांडीवर हनुवटी टेकवून बघत राहिली. दांडीच्या आत कधी गेली नाही. आता आपली पोर आत जाईल, काळा कोट घालून, केसांची जाळी बांधून, आणि परीक्षक तिच्यासमोर थांबून मान हलवेल, हे चित्र बस चालवताना तिला समोरच्या काचेवर दिसायचं.

डीलिया फाहीकडे तसं तट्टू होतं. डीलिया म्हणजे वळणापलीकडच्या पांढऱ्या घरातली म्हातारी. नवरा गेलेला, मुलगा बॉस्टनला, नात उंच झाली नि घोड्यावरून उतरून कॉलेजात गेली. मागे राहिली ती डचेस. दुधात बुडवून काढल्यासारखी पांढरी, कानांची टोकं तेवढी राखाडी. चार उन्हाळे तिने नातीला बसवून बक्षिसाच्या फिती जिंकल्या होत्या. डीलिया ती मोसमापुरती भाड्याने द्यायला तयार आहे, असं पोस्टातल्या बाईने सांगितलं. किंमतही सांगितली. ती ऐकून दोन कुटुंबं आधीच परत गेली होती.

त्या शनिवारी मूरिन डचेसवर बसली. कुरणात आधी पावलं, मग दुडकी, मग दौड. वारा समुद्रावरून येत होता आणि डचेस त्या वाऱ्याला जणू ताल देत होती. मूरिनची पाठ ताठ, खांदे सैल, चेहरा असा की आत दिवा लावलाय.

ट्रीसाचे डोळे त्या दोघींवरून हलेनात. सौद्याला निघालेल्या माणसाचे डोळे असे अडकले की तो लुटलाच जातो, हे फेस्टीच्या लेकीला कळायला हवं होतं.

“तीन हजार युरो,” डीलिया म्हणाली. “ऑगस्टमधल्या प्रदर्शनापर्यंत. दाणा तुमचा, नाल तुमचे, विमा तुमचा, डॉक्टर आला तर तोही तुमचा.”

“आणि घोडी आमची की तीही तुमचीच?”

“घोडी माझी. शेपटी धुवायची ती कोमट पाण्याने. गार पाणी लावाल तर ती महिनाभर तुमच्याकडे बघणार नाही.”

“तीन हजारांत मी हिला आंघोळीला गरम झऱ्यावर नेईन, डीलिया. दोन हजार.”

“दोन हजारांत तुला तिची सावली मिळेल. तीसुद्धा ऊन असेल तर.”

“दोन हजार, आणि शेपटीला कोमट पाणी.”

“तीन हजार. आणि तू इथून निघायच्या आधी चहा घेऊन जा, म्हणजे येणं फुकट गेलं असं वाटायला नको.”

डीलियाने समुद्राकडे तोंड फिरवलं. ट्रीसाने डोंगराकडे फिरवलं. मधे उभं राहायला कुणी नव्हतं. कुरणाच्या टोकाला मूरिन डचेसच्या मानेवर गाल टेकवून थांबली होती. तेवढ्यात ट्रीसाच्या आत काहीतरी सटकलं. ती गर्रकन वळली, डीलियाचं मनगट पकडलं, आणि ओरडली, “अडीच! मधोमध! माझा शब्द मोडू नका!”

आणि स्वतःच्याच तळहातावर थुंकून तिने डीलियाच्या हातावर हात मारला. फट्ट!

दोघीही क्षणभर हाताकडे बघत राहिल्या. मेलेल्या फेस्टीनेच येऊन दोघींना बांधून घातलं असावं तशा.

“बापरे,” डीलिया हळूच म्हणाली. “झालं की गं.”

“झालं,” ट्रीसा म्हणाली.

घरी येताना गाडी पुलावर चढली तेव्हा ट्रीसाला आठवलं. डीलियाने शकुनाचा पैसा दिला नाही. सौदा झाला की देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे परत ठेवायचे, नशिबासाठी. घोडा असो, मेंढी असो, फेस्टी तर कोंबडीवरसुद्धा मागून घ्यायचा. तो हातात पडल्याशिवाय सौद्याला गाठ बसत नाही. म्हातारी विसरली की चिक्कू निघाली? जाऊ दे, असं म्हणून ट्रीसाने गिअर बदलला.

*

“म्हणजे तू घेणारीही झालीस आणि दलालही झालीस,” कोलमन म्हणाला. तो टेबलाशी बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. हसू दाबायचा प्रयत्न मिशांमधून दिसत होता. “तुझ्या बापाने हजार सौदे जुळवले, पण स्वतःच्या खिशाचा एकही नाही. तू पहिल्याच सौद्यात घरदार लावलंस.”

“घरदार नाही लावलेलं.”

“मग काय लावलंस?”

ट्रीसा बटाट्यांची सालं काढत होती. सुरी थांबली.

“स्मेर,” ती म्हणाली.

कोलमनचं हसू मावळलं.

स्मेर मागच्या वसंतातली. फेस्टीच्या जुन्या घोडीचं शेवटचं शिंगरू. ती घोडी पोराला पाजता पाजता हिवाळ्यात गेली, आणि मागे ही काळीभोर, हडकुळी, नाकाशी जांभळी झाक असलेली पोर राहिली, जशी काटेरी झुडपात तोंड घालून काळी बोरं खाऊन आली असावी. म्हणून तिचं नाव स्मेर, गावच्या जुन्या भाषेतल्या काळ्या बोरावरून. फेस्टीच्या गोठ्याचा तो शेवटचा धागा होता. टिपररीचा एक माणूस तिच्यावर डोळा ठेवून होता. रविवारी गाडी घेऊन येतो, पैसे रोख, असं तो फोनवर म्हणाला होता, आणि ट्रीसाने बरं म्हटलं होतं.

“मूरिनला सांगितलंस?”

“रविवारी ती आजीकडे असेल. नंतर सांगेन. डचेस दारात उभी असेल तेव्हा तिला एवढं नाही लागणार.”

“लागणार नाही?”

“कोलमन, तिला बघितलं असतंस तू. तो चेहरा बघितला असतास. आणखी एकच वर्ष आहे तिचं या वयाच्या गटात. मग गेलं ते गेलं.”

“मी कुठे काय म्हणतोय,” कोलमन म्हणाला आणि परत गाठीकडे वळला. गाठ काही सुटेना.

त्या आठवड्यात ट्रीसा खुशीत होती, निदान खुशीत असल्यासारखी वागत होती. तिने जुना ट्रेलर धुतला, त्याला नवं गवत घातलं, दाराची कडी तेल घालून सैल केली. प्रत्येक कामाला एक गाणं असतं, तसं तिने या कामालाही एक गुणगुणलं. पण गोठ्याकडे जायचं काम मात्र ती टाळत होती. स्मेरला दाणा घालायला मूरिनच जायची. मूरिन आठवडाभर कमी बोलत होती. शाळेतून आली की दप्तर टाकायची, गोठ्यात जायची, आणि बऱ्याच वेळाने अंगाला गवताच्या काड्या घेऊन परत यायची.

“घाबरलीस का गं?” ट्रीसाने एकदा विचारलं. “नव्या घोडीचं?”

“नाही.”

“रिंगणाचं?”

“नाही, मम्मी.”

“मग बोल ना काहीतरी. घरात भूत राहतंय असं वाटतंय.”

“भुतं बोलतात,” मूरिन म्हणाली. “आजोबा तर मेल्यावरही बोलतात. तू त्या दिवशी कुरणात त्यांच्याच आवाजात ओरडलीस.”

ट्रीसाला हसू आलं. पोरीला आलं नाही.

*

डचेसला आणायचा शनिवार उजाडला तो निवळ, धुतलेल्या काचेसारखा. ट्रेलर घेऊन दोघी डीलियाच्या अंगणात पोचल्या. ट्रीसाला वाटलं होतं, घोडी बाहेर तयार उभी असेल. अंगण रिकामं. स्वयंपाकघरातून ब्रॅकचा, बेदाणे घातलेल्या पावाचा, वास येत होता.

“आधी चहा,” डीलिया म्हणाली.

चहा झाला. ब्रॅकचे जाड काप झाले, वर लोणी. मग डीलियाला आठवलं की डचेसच्या पाठीवरच्या घोंगडीचं बकल तुटलंय. ते सापडेना. मग सापडलं, पण सुई सापडेना. मग सुईत दोरा ओवायला चष्मा सापडेना, तो डोक्यावरच होता. मग परत चहा.

“डीलिया, उजेडात घरी पोचायचंय,” ट्रीसा म्हणाली.

“अगं, अजून दुपार आहे. तुझ्या बापाला कधी घाई नसायची. एकदा एका खेचरासाठी तो माझ्या नवऱ्याच्या डोक्याशी दोन दिवस बसला होता.”

“खेचर मिळालं का?”

“मिळालं. पण नवरा त्याच्याशी मग कधी बोलला नाही. खेचराशी, बापाशी नाही.”

हे बोलत असतानाच खिडकीतून एक पांढरं डोकं आत आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच डचेसचा तबेला, आणि खिडकीची खालची चौकट झिजून गुळगुळीत झालेली. डीलियाने न बघताच हात लांब केला, ओट्यावरच्या बशीतलं ओट्सचं बिस्कीट उचललं आणि त्या ओठांपुढे धरलं. घोडीने ते इतक्या हलकेच घेतलं, जसं कुणी झोपलेल्याच्या कपाळावरची माशी उडवावी.

“रोज येते का अशी?” मूरिनने विचारलं.

“सकाळी सहाला. मी उठले नाही तर खिडकीवर नाक घासते. मागच्या हिवाळ्यात मी दोन दिवस तापाने पडून होते, तर हिने खिंकाळून खिंकाळून पोस्टमनला आत आणलं.” डीलिया उठली, कोपऱ्यातला ब्रश उचलून खिडकीतूनच डचेसची आयाळ विंचरायला लागली. ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती,

“वाऱ्या रे वाऱ्या, खारट वाऱ्या,
पांढरीची आयाळ विस्कटू नको.
दाराशी माझ्या उभी ती आहे,
दार तिच्यामागे लोटू नको.”

ट्रीसाने चहाचा कप खाली ठेवला. तिला त्या म्हातारीच्या पाठीकडे बघवेना. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी चुलीतला विस्तव उचलून न्यायला आलोय. पण हात पडला होता. हातावर हात पडल्यावर जो आधी ‘नको’ म्हणतो, त्याची या गावात पुढच्या पिढीपर्यंत चेष्टा होते. आणि तिने तर दोनदा शब्द दिला होता, एकदा घेणारी म्हणून, एकदा दलाल म्हणून.

अंगणात येऊन उभ्या राहिल्या. डचेसला दोरीने बाहेर आणलं. ट्रेलरचं दार खाली पाडलं. कुणीच हलेना.

“तर मग,” डीलिया म्हणाली.

“तर मग,” ट्रीसा म्हणाली. आणि काहीतरी बोलायचं म्हणून, चेष्टेतच, हात पुढे केला. “शकुनाचा पैसा तेवढा राहिला, डीलिया. आमच्या म्हाताऱ्याने कोंबडीवरही सोडला नसता.”

डीलियाचा हात ॲप्रनच्या खिशात गेला. आत नाण्यांचा आवाज आला. हात तिथेच थांबला.

“भाड्याच्या घोड्यावर नसतो तो,” ती म्हणाली.

“असतो. भाड्याच्या बैलावरसुद्धा असतो.”

“मग उद्या देते.”

“उद्याचा शकुन आज कसा लागेल?”

डीलियाची खिशातली मूठ उघडेना. ती डचेसकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. ट्रीसाला एकदम सगळं कळलं. म्हातारी विसरली नव्हती. चिक्कूही नव्हती. तीन हजार युरो सांगितले ते कुणी घेऊ नये म्हणून. दोन कुटुंबं परत गेली तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला असणार. आणि मग फेस्टीची खुळी लेक आली, तिचा हात पकडला, शब्दात अडकवलं. तेव्हापासून डीलियाने शकुनाचा पैसा रोखून धरला होता. सौद्याची एवढी एक गाठ तिने मोकळी ठेवली होती.

ट्रीसाच्या छातीतून काहीतरी वर उसळलं. आधी कळेना काय. मग कळलं, आनंद. सौदा बसलेला नाही. टिपररीच्या माणसाला फोन केला तर स्मेर घरीच राहते. त्याच्याशी तर हातही पडलेला नाही, फोनवर थुंकता येत नाही.

पण ‘नको’ म्हणायचं कुणी?

“तुम्हाला जर मोडायचा असेल…” ट्रीसाने सुरुवात केली.

“मी? मी मोडणार? माझ्या दारात कुणी असं म्हटलं नाही अजून. तुलाच जड जात असेल तर सांग, मी मनात ठेवणार नाही.”

“मला कशाला जड जाईल! मी दोनदा शब्द दिलाय.”

“मग ने.”

“मग पैसा द्या.”

“देते की!”

खिसा खुळखुळला. मूठ बाहेर आली नाही. डचेसने कंटाळून ट्रीसाच्या टोपीचं टोक चावलं. दोघी अंगणात अशा उभ्या, दोघींनाही घरी जायचंय, आणि वाट द्यायला कुणी तयार नाही.

“मला ही नकोय,” मूरिन म्हणाली.

दोघींनी एकदम वळून पाहिलं.

मूरिन ट्रेलरच्या फळीवर बसली होती. तिने कुणाच्या हातावर हात मारला नव्हता, तळहातावर थुंकली नव्हती. तिच्या शब्दाला काही बांधलेलं नव्हतं.

“काय म्हणालीस?” डीलियाने विचारलं.

“हिची दुडकी चांगली नाही. शिवणयंत्रावर बसल्यासारखं वाटतं.”

“शिवणयंत्र?” डीलियाचे डोळे मोठे झाले. “शिवणयंत्र! माझी डचेस! चार फिती आहेत भिंतीवर, पोरी! परीक्षकाने टोपी काढून सलाम केला होता हिला!”

“त्याला शिवण येत असेल,” मूरिन म्हणाली.

डीलियाने श्वास आत घेतला. ट्रीसाला वाटलं, आता शिव्या येणार. पण आलं ते हसू. पोटातून, पायातून, गमबुटांतून वर आलेलं हसू. डीलिया डचेसच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत राहिली, आणि हसता हसता डोळे पुसत राहिली, आणि कधी एकाचं दुसरं झालं ते कुणाला कळलं नाही.

“ऐकलंस का गं?” ती घोडीला म्हणत होती. “तुला नको म्हणतेय. कुणीतरी एकदाचं तुला नको म्हटलं.”

“पोरगी शब्द मोडायला मोकळी आहे,” ट्रीसा घाईघाईने म्हणाली. “तिने दिलाच नव्हता.”

“मग माझाही मोडत नाही आणि तुझाही मोडत नाही.”

“कुणाचाच नाही.”

“फेस्टीचा?”

ट्रीसाने चावलेली टोपी सरळ केली. “त्याला मी समजावेन.”

परत चहा झाला. या वेळी कुणाला घाई नव्हती. ब्रॅकचा उरलेला अर्धा भाग डीलियाने कागदात गुंडाळून ट्रीसाच्या हातात कोंबला. निघताना ती मूरिनच्या कानाशी वाकली. “शनिवारी येत जा. भाडं नको, काही नको. नुसतं फिरव तिला समुद्राकाठी. शिवणयंत्रावर बसायची सवय होईल तुला.”

मूरिनने मान हलवली, आणि डचेसच्या राखाडी कानाला हात लावला. फार हळू.

*

रिकामा ट्रेलर मागे खडखडत येत होता. ट्रीसाने पुलाआधीच गाडी बाजूला घेऊन टिपररीच्या माणसाला फोन केला होता, आणि तो जे बोलला त्यातलं अर्धं मूरिनला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीबाहेर तोंड काढून ऐकलं होतं. आता तिला इतकं हलकं वाटत होतं की पाय पॅडलवर आहे की नाही ते बघावं लागत होतं. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, त्यांच्या फटींतून दिसणारा समुद्र, उतरतं ऊन.

रिंगणातलं ते चित्र? काचेवर अजून होतंच की. थोडं लांब गेलं होतं इतकंच. ट्रीसाला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. ती वाट बघत होती वाईट वाटण्याची, आणि ते काही येईना.

“खरंच शिवणयंत्रासारखी चालते का गं ती?” तिने विचारलं.

“नाही,” मूरिन म्हणाली.

“मग कशी चालते?”

मूरिनने खिडकीच्या काचेवर श्वास सोडला, धुकं धरलं, त्यात बोटाने काहीतरी काढलं आणि पुसलं.

“दूध ओतल्यासारखी. आवाजच होत नाही.”

ट्रीसाने तिच्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे. एक मेंढी रस्त्यात बसली होती. ती उठेपर्यंत थांबावं लागलं. मेंढीने आपला वेळ घेतला. पोरीने आपला घेतला. ट्रीसाने इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत मूरिन समोर बघतच बोलली.

“मला ती हवी होती, मम्मी. खूप हवी होती. पण तू नि डॅड बटाट्यांपाशी बोलत होतात तेव्हा मी जिन्यावर होते. स्मेर गेली असती तर मी डचेसवर बसून रिंगणात रडलेच असते, आणि रडणाऱ्या पोरीला कुणी फीत देत नाही. स्मेर चार वर्षांची होईल तेव्हा मी चौदाची असेन. मी थांबते ना. पण तुला सांगितलं नाही, कारण तुझा चेहरा इतका खूश होता, की तो मोडायचा कसा ते मला कळत नव्हतं.”